मुंबईहून बोटीने जाऊन देवमासे आणि समुद्री पक्षी बघता येतात का? सत्तरीतल्या आईबाबांना न्यायचंय.

पक्षी हो, अगदी मनसोक्त. देवमासे मात्र मुंबईहून नाही, आणि कोणी व्हेल दाखवतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

आपल्या समुद्रात देवमासे नाहीत असं नाही हां. २०१५ ला रेवदंड्याला ब्लू व्हेल किनाऱ्याला लागला होता, २०१६ च्या जानेवारीत जुहूला ब्राइड्स व्हेल मेलेला वाहून आला. पण मोठे देवमासे जास्त करून खोल पाण्याच्या कडेला असतात आणि मुंबईसमोरचा समुद्र फार उथळ, म्हणजे बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किमीच्या आसपास आत आहे तरी तिथे पाणी जेमतेम पाऊणशे मीटर, खरी खोली त्याच्याही कितीतरी पुढे सुरू होते, तिथपर्यंत कुठली टुरिस्ट बोट जाणार?

म्हणून आईबाबांना आधी गेटवे ते मांडवा न्या, नोव्हेंबर ते मार्चमध्ये, सकाळच्या बोटीने. उघडा डेक असलेली बोट घ्या आणि शक्यतो मागच्या बाजूला बसा, बोट सुटली की सीगल (आपले कुरव) मागे लागतातच, इतके जवळ येतात की दुर्बीण लागत नाही. बघताना डोळा बघा. डोळा फिकट आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरा ठिपका असेल तर तो ब्राउन-हेडेड, हा लडाख-तिबेटकडच्या उंचावरच्या तळ्यांवर अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. डोळा काळा आणि पंखाची पुढची कड पांढरी असेल तर ब्लॅक-हेडेड. थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा डाग, त्यामुळे नावावर जाऊन फसायला होतं. मार्च उजाडला की एकेकाचं डोकं तपकिरी व्हायला लागतं, मला तर तेव्हाच बघायला सगळ्यात जास्त आवडतं.

एक कळकळीची विनंती, त्यांना गाठिया, कुरकुरे टाकू नका. सगळे टाकतात, फोटो छान येतो, पण तळलेलं खारट खाणं हे त्यांचं अन्न नाही, आणि न टाकताही ते बोटीमागे येतात कारण प्रोपेलरने पाणी ढवळलं की मासे वर येतात.

डॉल्फिन नशिबात असेल तर दिसेल. आपल्याकडचा हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातच राहतो, मलबार हिलच्या बाजूलाही दिसतो, पण उड्याबिड्या मारेल अशी अपेक्षा ठेवू नका, आधी लांब चोच वर येते, मग पाठीवरचा उंचवटा, की गेला खाली. फ्लेमिंगो हवे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते, भरती-ओहोटी बघून वेळा ठरतात म्हणून आधी बुकिंग करा. तिथे पाणी शांत, वयस्कर माणसांना मांडव्यापेक्षा सोपं.

आणि देवमासाच बघायचा असेल तर पैसे साठवून सरळ श्रीलंकेत मिरिसाला जा, डिसेंबर ते एप्रिल. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो म्हणून ब्लू व्हेल दिवसाच्या ट्रिपमध्ये दिसू शकतो. आधी लांबवर फवारा दिसतो, सरळ उभा, दोन-तीन मजली घराएवढा, मग ती करडी-निळी पाठ सरकतच राहते, संपतच नाही, आणि शेवटी कधीकधी शेपूट वर येऊन बुडी. पुढची दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत बसायचं. बोट ठरवताना स्वस्त कोण ते विचारू नका, अंतर ठेवून इंजिन हळू करतात का ते विचारा, काही बोटवाले देवमाशाच्या अक्षरशः अंगावर बोट घालतात आणि आधीच मोठ्या मालवाहू जहाजांची धडक बसून तिथे देवमासे मरतात.

तिकडे खुला समुद्र आहे, चार-पाच तास बोट हलत राहते, तेव्हा उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच द्या, मळमळ सुरू झाल्यावर दिली तर फारसा उपयोग होत नाही. बाबांना पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर मोठी दुमजली बोट घ्या, छोटी स्पीडबोट नको.