उद्योग सुरू करण्यापूर्वी नोकरीचा अनुभव घ्यावा, की थेट एखादा चांगला मार्गदर्शक गाठावा?

तुम्ही मेकॅनिकलची पदवी घेतली आहे, यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा उद्योग काढायचा आहे, आणि आधी नोकरी करावी की एखाद्या अनुभवी माणसाच्या मार्गदर्शनाखाली लगेच सुरुवात करावी, असे तुम्ही विचारले आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी जिग-फिक्श्चरचा, म्हणजे यंत्रावर काम करताना सुटा भाग नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनांचा, लहान कारखाना चालवतो. माझे मत असे, की नोकरी अवश्य करा, पण जमल्यास डिझाइनऐवजी खरेदी किंवा विक्री विभागात करा. आणि मार्गदर्शक शोधताना नावाजलेल्या उद्योजकापेक्षा, तुमच्या होऊ घातलेल्या ग्राहकाच्या बाजूला वर्षानुवर्षे बसलेला माणूस शोधा.

मला मार्गदर्शन करणारे गृहस्थ एका मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले आहेत. पहिली मोठी ऑर्डर मिळण्याच्या बेतात होती, तेव्हा त्यांनी माझ्या मालाविषयी काहीच विचारले नाही. पैसे किती दिवसांनी मिळणार आणि ते दिवस कोणत्या तारखेपासून मोजणार, एवढेच विचारले. समजा, तुम्ही १० लाखांचा माल दिला. त्यावर १८ टक्के दराने १ लाख ८० हजार रुपये जीएसटी होतो, आणि कच्च्या मालावरील कराची वजावट घेऊन उरलेली रक्कम, मासिक विवरणपत्र भरत असाल तर, पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावी लागते, मग ग्राहकाने एक रुपयाही दिलेला नसो. उधारी ९० दिवसांची असेल आणि ते दिवस बिलाच्या तारखेऐवजी तपासणी होऊन जीआरएन (ग्राहकाने दिलेली माल मिळाल्याची पावती) निघाल्यापासून मोजले जात असतील, तर जवळजवळ चार महिने पोलाद, पगार, वीज आणि कर यांचा भार तुमच्या खेळत्या भांडवलावर पडतो. ऑर्डर जितकी मोठी, तितकी ही ओढाताणही मोठी.

यावर कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगविषयक कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ही माहिती कोणताही सीए देईल, आणि या कायद्याचा आधार घेता यावा म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, तुम्ही पहिल्याच महिन्यात करून घ्या. मात्र ज्याच्याकडे तुमचा निम्मा माल जातो, त्याच्याविरुद्ध तुम्ही तक्रार करणार नाही, हे तोही जाणतो. म्हणूनच अटी ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी ठरवाव्या लागतात. खरेदी अधिकाऱ्याला दर उतरवून घेतल्याचे वरिष्ठांना दाखवायचे असते. त्यामुळे दरात थोडी सूट देऊन त्या बदल्यात आगाऊ रक्कम किंवा कमी मुदत मागितली, तर ते पुष्कळदा मान्य होते. हे मला त्या गृहस्थांनी शिकवले, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात मला आढळले नव्हते.

अशा माणसाकडे जाताना ‘माझी कल्पना कशी वाटते?’ असे विचारू नका. घ्यायचा निर्णय, त्याचे आकडे आणि तुमचा कल एका कागदावर लिहून न्या. शिवाय प्रत्येक कोटेशनमध्ये धरलेले तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास शेजारी शेजारी नोंदवत राहा. नुसती वर्षे उलटल्याने अंदाज सुधारत नाही, या नोंदींनी सुधारतो.

स्टार्टअप इंडियाचा ‘मार्ग’ हा मंच आणि महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र येथे ओळखी होऊ शकतात. पहिल्याच भेटीत कंपनीत हिस्सा मागणाऱ्यापासून दूर राहा. तसेच मार्गदर्शकाचा अनुभव त्याच्या काळातला असतो, हे ध्यानात ठेवून त्याने सांगितलेले दर आणि मुदती, त्याच ग्राहकाला आज माल देणाऱ्या दोघा-तिघांकडून पडताळून घ्या.