जेकबाबादमधले ‘आबाद’: पाणी की पहारा?

सिंधमधील जेकबाबादच्या नावातल्या ‘आबाद’चा अर्थ काय, आणि सरहद्दीवरच्या लष्करी ठाण्याला ‘छावणी’ न म्हणता ‘आबाद’ का म्हटले, असे एका वाचकाने विचारले आहे. ‘आबाद म्हणजे वसलेले, भरभराटलेले’ हे कोणताही कोश सांगेल. ‘शहराची आबादी दोन लाख’ असे लिहिणाऱ्यांशी मात्र माझे भांडण आहे, कारण तिला मराठीत लोकसंख्या म्हणतात. आपली आबादी ‘आबादीआबाद’मध्ये सुखाने नांदते आहे.

त्याहून जुने दुखणे म्हणजे ‘आब म्हणजे पाणी, म्हणून जिथे पाणी ते आबाद’ ही व्युत्पत्ती, जी व्याख्यानांतून इतक्या ठामपणे ऐकवली जाते की शंका घेणाराच अडाणी ठरतो. फारसी ‘आब’ संस्कृत ‘आपः’चा भाऊबंद आहे हे खरे, पण उरलेल्या ‘आद’चे काय करायचे, हे ही विद्वान मंडळी सांगत नाहीत. मध्य-फारसीत हा शब्द ‘आपात’ असा होता (आपल्या आपत्काळाशी त्याचा काडीचाही संबंध नाही), आणि त्याची फोड ‘आ’ हा उपसर्ग अधिक राखणे या अर्थाचा ‘पा’ धातू अशी होते. गोप, भूप, नृप यांतला ‘प’ तोच, आणि इराणातून आलेला ‘क्षत्रप’ही त्याच घरचा. आबाद म्हणजे मुळात राखलेले. ‘बरबाद’ला त्याचा जुळा समजणाऱ्यांनी हेही ऐकावे, की ‘बर बाद’ म्हणजे ‘वाऱ्यावर’; त्यातला ‘बाद’ आपल्या ‘वात’चा सख्खा, ‘आबाद’चा कोणीही नव्हे.

आता जेकबाबादकडे पाहा. मुंबई तोफखान्यातला अधिकारी जॉन जेकब 1847 मध्ये सिंध इर्रेग्युलर हॉर्स हे घोडदळ घेऊन खानगढला आला, तेव्हा बुगटी, डोमकी, जखरानी टोळ्यांच्या धाडींनी तो मुलूख ओस पडला होता. त्याने तटबंदीमागे दडून बसण्याची रीत मोडली, उघड्या वाळवंटात रात्रंदिवस गस्त ठेवली आणि रयतेला हत्यार बाळगण्याची बंदी केली. त्यानंतर रस्ते झाले, बेगारी कालवा रुंद झाला, आणि कालचे धाडकरी डोमकी व जखरानी नांगर धरू लागले. पाणीवाल्यांनी कालव्याकडे बोट दाखवण्याआधी क्रम लक्षात घ्यावा: आधी घोडेस्वार, मग पाणी. 1851 मध्ये डलहौसीने खानगढला जेकबाबाद हे नाव दिले, ते माझ्या मते नकळत का होईना, व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक होते.

‘छावणी’ का नाही, हे राहिलेच. छावणी उठते, आबाद हे नांदण्यासाठी असते, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना जुन्या बादशाही थाटाचे नाव लावून घेण्याची हौसही होतीच. 1853 मध्ये वसलेले अबटाबाद मेजर अबटचे, तर बन्नूचे एडवर्ड्साबाद हर्बर्ट एडवर्ड्सचे. त्यातले दुसरे लोकांनी टाकून दिले आणि बन्नूच राहू दिले. जेकबचे नाव मात्र टिकले. 5 डिसेंबर 1858 रोजी तो तिथेच वारला आणि तिथेच पुरला गेला. 1876 मध्ये बलुचिस्तानातल्या कलातच्या खानाशी इंग्रजांचा करार झाला तोही जेकबाबादेतच, आणि त्यानंतर सरहद्दीचा पहारा बोलन खिंडीपलीकडे क्वेट्ट्याला गेला.