मुलांकडून इतिहासावरचं नाटक बसवून घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की नागपुरातल्या आठवी-नववीच्या मुलांनी इथलाच इतिहास शोधून त्यावर अर्ध्या तासाचं नाटक करायचं आहे आणि हातात सहा आठवडे आहेत.

संहितेपासून तर अजिबात नको. मी शाळेत इतिहास शिकवते आणि पहिल्या खेपेला नेमकं तेच केलं होतं. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह घेतला, म्हणजे इंग्रजांची मनाई मोडून राष्ट्रीय झेंडा मिरवण्याची चळवळ; सुट्टीत बसून सगळे संवाद स्वतःच लिहिले. पोरांनी धडाधड पाठ केले, स्नेहसंमेलनात टाळ्याही पडल्या. मग पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून आले. “बाई, तुमच्या सत्याग्रहींच्या हातात अशोकचक्राचा झेंडा काहून होता?” ते चक्र आलं १९४७ साली! १९२३ च्या झेंड्यावर वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि तिन्ही पट्ट्यांवर मिळून एक चरखा. दोन महिने तालीम चालली, पण झेंडा कसा होता हे एकाही पोराने विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं, उत्तरं मी आधीच लिहून ठेवलेली.

पुढच्या वर्षी विषय तोच ठेवला आणि मुलांना फक्त प्रश्न आणायला सांगितले. ‘का’ हा शब्द पहिला आठवडाभर बंद. कोण, कुठून कुठे, किती जण, अंगावर काय, हेच विचारायचं. ‘का’ विचारलं की पोरं पाठ्यपुस्तकातलं वाक्य फेकून मोकळी होतात. एका रविवारी ऊन चढायच्या आत त्यांना सीताबर्डीहून सिव्हिल लाइन्सपर्यंत पायी नेलं. सिव्हिल लाइन्स म्हणजे तेव्हाची साहेबांची वस्ती. तिथे झेंड्याची मिरवणूक न्यायला मनाई होती. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडा घेऊन निघायच्या आणि पकडल्या जायच्या. वाटेत एक पोट्टा म्हणाला, “मॅडम, एवढंसंच अंतर? याच्यासाठी जेल?” आमचा पहिला प्रवेश तिथे सापडला.

मग वाचन. जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारने काढलेला माहितीग्रंथ), चरित्रं, जुन्या वाचनालयात मिळतील ती वर्तमानपत्रं. सत्याग्रहाचं नेतृत्व करणाऱ्या जमनालाल बजाजांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली, १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली, एवढा सांगाडा लगेच हाती लागतो. मुली कुरकुरत होत्या की आम्हाला कामच नाही. शोधता शोधता त्यांना सुभद्राकुमारी चौहान सापडल्या, ज्यांची कविता त्यांना हिंदीत होती. सुभद्राकुमारींना याच सत्याग्रहात नागपुरात अटक झाली होती. कुरकुर बंद!

लिहायला बसलात की दोन रंगांचे पेन द्या. कागदपत्रात आहे ते निळ्याने, आपण रचलं ते लाल. लाल वाईट नाही, पण ते लाल आहे हे मुलांना ठाऊक हवं. वल्लभभाईंच्या तोंडी एकाने पानभर भाषण घातलं होतं, सगळं लाल. ते मी काढायला लावलं. नावाजलेल्या माणसाच्या तोंडी मनचं भाषण घालायचं नाही, हा माझा हट्ट. त्याच मुलाने मग एक शिपाई रचला, ज्याचा धाकटा भाऊ तुकडीत येतो. “काहून चालला बे तिकडं? माय वाट पाहून राहिली ना!” हेही लालच, पण कुणा खऱ्या माणसावर न लादलेलं. आणि घरची बोली आली तशी पोरं रंगमंचावर मोकळी हलायला लागली. त्याआधी सगळे बातम्या वाचल्यासारखे उभे राहत होते.

सहा आठवड्यांतले तीन शोधात घालवा, एक लिहिण्यात, दोन तालमीत. पालक तिसऱ्या आठवड्यात विचारतील, “अजून काहीच बसलं नाही?” तेव्हा घाबरू नका.

झेंड्याचं कापड इतवारीत मिळेल. चरखा मात्र आदल्या दिवशी रंगवा. आमचा ओला राहिला आणि शिपायाच्या पांढऱ्या शर्टावर उमटला.