महाराष्ट्राच्या निवडणूक नोंदी जपताना
महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकांच्या नोंदी जपण्याचे काम आपण हाती घेतलेत, याचा मनापासून आनंद वाटतो. प्रथम एकच विधानसभा निवडणूक निवडा. निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल मूळ स्वरूपात जतन करा आणि प्रत्येक आकड्यासमोर पृष्ठक्रमांक लिहा.

नवोदितांची सर्वांत मोठी चूक म्हणजे वेगवेगळ्या निवडणुकांतील मतदारसंघ केवळ नावावरून जुळवणे. १९६२ मध्ये २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७० आणि १९७८ पासून २८८; २००९ मध्ये संख्या तीच राहिली, तरी २००८ च्या पुनर्रचनेमुळे, म्हणजे मतदारसंघ नव्याने आखल्यामुळे, सीमा बदलल्या होत्या, म्हणून जुन्याच नावाखाली वेगळी गावे असू शकतात. पुनर्रचनेचे वर्ष नोंदीत हवेच.

पोटनिवडणुका वगळू नका आणि आमदाराने पुढे पक्ष बदलला, तरी निवडून येतानाचाच पक्ष लिहा. मतटक्क्यांचे विश्लेषण तूर्त बाजूला ठेवा.