शब्दयादी घरीच ठेव

प्रिय,

तुझं टिपण वाचलं. घानातल्या सिवू भाषेवर काम करायचं ठरवलंस, छान केलंस. पण पहिल्याच ओळीत तिला ‘मरणासन्न’ म्हटलं आहेस, ते आधी खोड. बोलणारे 25-30 हजारांच्या घरात, म्हणजे थोडेच. पण अक्पाफू आणि लोलोबीच्या गावांत पोरंटोरं ती बोलतच मोठी होतात. भाषा लहान आहे, तिला घरघर लागलेली नाही.

हा शोकाचा सूर जुना आहे. बर्नहार्ड श्ट्रुक या जर्मन अभ्यासकानं 1912 मध्ये घाना आणि टोगो यांच्या सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातल्या, सिवूसारख्या भाषांना ‘टोगोच्या उरलेल्या भाषा’ असं नाव दिलं. पंगत उठल्यावर पातेल्यात राहतं तसं! आता त्यांना घाना-टोगो डोंगरी भाषा म्हणतात. अशा चौदाएक आहेत.

जाण्याआधी एवे शीक, त्या भागातली मोठी भाषा. मिशनऱ्यांनी तिकडे चर्च आणि शाळा एवेतून चालवल्या, त्यामुळे सिवू बोलणाऱ्याला एवे येतेच, बऱ्याच जणांना ट्वी ही घानातली दुसरी मोठी भाषा आणि इंग्रजीही. त्यांना ‘तुमची खरी भाषा कोणती’ असं विचारू नकोस. एका दिवसात चार भाषा वापरणाऱ्याला हा प्रश्न खुळचट वाटतो.

आता तुझी दोन हजार शब्दांची यादी. ‘हात’ला काय, ‘पाणी’ला काय, असं विचारत बसलीस तर लोक सौजन्यानं उत्तरं देतील आणि भाषेतलं सगळ्यात रसरशीत जे आहे ते तुझ्या हाती लागणार नाही. सिवूत अनुकरणवाचक शब्दांची चंगळ आहे: ‘फुतुतु’ म्हणजे पांढराशुभ्र, ‘गेलेगेले’ म्हणजे चकचकीत, ‘मुकुमुकु’ म्हणजे दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडाची हालचाल. मार्क डिंगेमान्स या डच भाषाशास्त्रज्ञानं यावर 2011 मध्ये प्रबंध लिहिला, तो मुळापासून वाच. त्यानं गावातल्या लोकांना बंदुकीची दारू बनवताना रेकॉर्ड केलं. अंत्यविधीत बार काढण्यासाठी ती लागते. कोळशाची भुकटी कुटताना ती किती बारीक झाली, ओली आहे की कोरडी, हे एकमेकांना सांगताना असे शब्द आपसूक निघतात. लुसलुशीत, खडबडीत, गुळगुळीत यांवर वाढलेल्या तुला हे कानाला लवकर कळेल. युरोपातून येणाऱ्यांना तिथेच जास्त घाम गाळावा लागतो. तेव्हा भातशेतीवर जा, चुलीपाशी बस, रेकॉर्डर चालू ठेव आणि शक्यतो गप्प राहा.

व्याकरणाचं फार टेन्शन घेऊ नकोस. नामांना पूर्वप्रत्यय लागतात: माणसं मावू, भूमी कावू, भाषा सिवू. ही घडी बसली की बरंच पुढे सरकतं. शब्दाच्या सुराकडे मात्र पहिल्या दिवसापासून कान दे.

आणि ‘समाज’ हा मथळा देऊन तू खाली रूढी-परंपराच भरल्या आहेस. तिथल्या लोकांना विचार, 2020 साली काय झालं. सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी या चार शेजाऱ्यांच्या भाषा तीन. ओटी हा नवा प्रांत झाला तेव्हा हद्दींच्या घोळात हा भाग कुठल्याच मतदारसंघात उरला नाही. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना खासदार निवडता आला नाही, पुढची चार वर्षं संसदेत त्यांचं कुणी नव्हतं. चौघांची इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘साल’ (SALL) या नावानं ते एकत्र भांडले, कोर्टात गेले. ग्वान नावाचा जिल्हा मिळाला, 2024 मध्ये खासदारही. भाषा वेगळ्या असून माणसं एकत्र कशी आली, हे तुझ्या प्रबंधात नसेल तर मला तो अर्धवट वाटेल.

शेवटचं, कामाचं. रेकॉर्डिंगची एक प्रत गावात कुणाकडे राहील, ऐकायला कोण देईल, कुठला भाग बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे गावच्या प्रमुखांशी आणि ज्यांचा आवाज आहे त्यांच्याशी आधी ठरव. तसा कागद तयार झाला की मला पाठव. व्हिसाचं त्यानंतर बघू.

तुझे,
सर