‘बाहेर पडले तर पोरांना खायला काय घालू?’

मार खाणाऱ्या बाईला सगळे विचारतात, ‘इतकं सोसतेस, मग निघत का नाहीस?’ आमच्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायकांकडे याचं उत्तर तयार असतं: ‘निघते हो ताई, पण संध्याकाळी पोरांना खायला काय घालू?’ कायदा, पोलीस, माहेर हे सगळं त्यानंतर. भावनेपोटी नवऱ्याकडे परत गेलेल्या बायका मी पाहिल्यात. पण डबा रिकामा झाला म्हणून परत गेलेल्या त्याहून जास्त.

म्हणून आमच्या केंद्रातच, समुपदेशनाच्या खोलीला लागून, एक धान्याचं कपाट आहे. त्याची गरज काय, हे एका बाईच्या गोष्टीतून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पिंपरी-चिंचवडमधली वस्ती. नवरा टेम्पो चालवतो, मूळ गाव मराठवाड्यात, सासू सोबत राहते. मुलगी तिसरीत, मुलगा चार वर्षांचा. मारहाण होतीच, पण रोजचा जाच वेगळा होता. किराणा नवरा भरायचा आणि कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. पिठाच्या डब्यातलं पीठ वरून सपाट करून त्यावर तीन बोटं उठवलेली असायची. दुपारी पोरांसाठी एखादी भाकरी थापली की खूण मोडायची आणि रात्री हिशोब व्हायचा. हे सांगताना ती हसत होती. ‘मी पण शिकले ना ताई बोटं उठवायला. पण सासूबाईंची बोटं बारीक, माझी जाड. कळायचं त्यांना.’

घरातल्या गरजेच्या वस्तूंपासून बाईला वंचित ठेवणं हा कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 नुसार आर्थिक छळ आहे. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे कौटुंबिक घटना अहवाल भरताना मारहाणीसोबत पिठाच्या डब्याचंही लिहून घेतलं, तेव्हा ती चमकली. ‘हे पण लिहायचं असतं?’ असतं. तारखा आठवत नसतील तर सण आठवायचे. नागपंचमीला काय झालं, दिवाळीत काय झालं, असं विचारलं की बायका धडाधडा सांगतात.

पहिले काही महिने ती घरातच राहून आमच्याकडे येत होती. अशा बाईला धान्य बांधून देणं धोक्याचं असतं. घरात एक नवी पिशवी दिसली की ‘कुठून आणलीस, कोणी दिली’ सुरू होतं. म्हणून तेव्हा तिच्या हातात काहीच दिलं नाही. पोरं केंद्रात पोटभर पोहे खायची, दूध प्यायची, केळी खायची; ती माझ्याशी बोलायची. तिची पावलं आत वळायला पोरांची भूक हे चांगलं निमित्त होतं, आणि पोट भरलेली पोरं आईला निवांत बोलू देतात. धान्यवाटप गावात दुसरीकडे कुठे असतं तर हे जमलं नसतं.

मग एका रात्री ती निघाली. पोरं, एक पिशवी आणि आधार कार्डं. कंपनीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीच्या खोलीवर राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात आली. आम्ही कपाट उघडून बाजूला झालो.

ती बराच वेळ नुसती उभी. मग, ‘किती घेऊ?’

‘तुम्हाला किती लागेल?’

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. चार माणसांना किती तांदूळ लागतो हे तिला चांगलं ठाऊक होतं, पण किती शिजवायचा हे तिला लग्नापासून कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी तिने तांदूळ घेतले, तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी. कपाटाचं दार लावता लावता परत उघडून चहा पावडर आणि साखर.

या चहा-साखरेवरून आमच्याकडे वाद झालेला आहे. भुकेल्यांसाठीचं कपाट, त्यात चहा कशाला, सॅनिटरी पॅड कशाला, असं विश्वस्तांपैकी एकांचं म्हणणं. माझं म्हणणं सरळ आहे: आम्ही तयार किट बांधून हातात दिलं असतं तर काय खायचं ते पुन्हा दुसऱ्यानेच ठरवलं असतं. ते तर घरीही होत होतं.

बदल्यात केंद्र झाडून देते, फरशी पुसते, असं ती दोनदा म्हणाली. फुकटचं खाल्ल्याची लाज बहुतेकींना वाटते, आणि ‘पोरांना भिकाऱ्यासारखं वाढवू का’ हेही खूप जणी विचारतात. काही संस्था असं काम करू देतात. आम्ही नाही देत. धान्याच्या बदल्यात राबणं तिने पुरेसं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की डाळ-तांदूळ तसेच पडून आहेत. मैत्रीण मेसवर जेवायची, खोलीत शेगडीच नव्हती. घरचं गॅस कनेक्शन नवऱ्याच्या नावावर. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, हे फार जणींना माहीत नसतं. तोवर पोहे, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे यांवर भागलं. कपाटात न शिजवता खाता येईल असा एक खण कायम भरलेला असतो तो यासाठीच.

आता रेशनकडे येऊ, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात आलं असेल की सरकार धान्य देतंच की. देतं. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे अन्न सुरक्षेच्या धान्याला पात्र ठरलेल्या घराला, माणशी महिना पाच किलो, आणि जानेवारी 2023 पासून तेही मोफत. पण तिचं नाव सासरच्या कार्डावर. अन्न सुरक्षा कायदा, 2013 म्हणतो की शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख. बायकांच्या हाती धान्य यावं म्हणूनच ही तरतूद केली, आणि आमच्या बाईच्या घरात त्यामुळे कार्डावर पहिलं नाव आलं सासूचं. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. सुनेसाठी त्याचा उपयोग नाही, एवढंच.

‘त्याच कार्डावर इथल्या दुकानात अंगठा लावून माझ्या वाटचं उचलू का?’ तिने विचारलं. नियमाने येतं. पण कुठल्या दुकानातून किती धान्य उचललं याची नोंद ऑनलाइन राहते, आणि कार्ड नंबर सासूकडे आहे. दुकान कळलं की भाग कळला. म्हणून थांबायला सांगितलं. आधी संरक्षणाचा आदेश, मग रेशनच्या परिमंडळ कार्यालयात जुन्या कार्डातून नावं कमी करून वेगळं कार्ड. यात वेळ जातो. आमच्या कपाटाला अंगठा लागत नाही.

शाळेचं मात्र लगेच झालं. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. मुलगी जवळच्या महापालिकेच्या शाळेत, धाकटा अंगणवाडीत. दोघांचं दुपारचं एक जेवण तिथे सुटलं. खिचडीला नाक मुरडणाऱ्यांनी ही बेरीज करून पाहावी.

कोर्टाचं काय? अर्ज केल्यावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. अंतरिम पोटगी मागता येते, ती मागितली. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाला. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण अर्ज टाकल्यापासून हातात पैसे येईपर्यंत मधे जे आठवडे जातात, त्यांचं कलम कुठल्याच कायद्यात नाही.

त्या आठवड्यांत नवरा केंद्रात येऊन गेला. तिला न बोलावता मी त्याच्याशी एकटीनेच बोलले. ओरडला नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग विचारलं, ‘तिला खायला कोण घालतंय?’ आठ दिवसांत येईल परत, जाते कुठे, असं तो वस्तीत सांगत होता हे आमच्या कानावर आलेलंच होतं. त्याचा सगळा हिशोब त्या आठ दिवसांवर होता.

‘तुम्ही धान्य देता म्हणून बायका घरं सोडतात’ हा आरोप आमच्यावर नेहमीचा. पाच किलो तांदळासाठी कोणी घर सोडत नाही. परत जायचं की नाही हे तिने ठरवावं, पण पोट भरलेलं असताना ठरवावं. काही जणी परत जातातही, अटी लिहून घेऊन जातात, आणि त्यांना कपाट बंद होत नाही. ही बाई अजून गेलेली नाही. सध्या एका पोळीभाजी केंद्रात सकाळची पाळी करते आणि कपाटातून आता फक्त डाळ आणि तेल नेते. नवऱ्याने समेटाचा निरोप पाठवलाय. तिने उत्तर दिलेलं नाही, आणि आम्हीही घाई करत नाही.

तुमच्यावर किंवा शेजारणीवर अशी वेळ असेल तर महिलांसाठी 181 आणि तातडीला 112 हे नंबर चालू असतात. आधारच्या आणि रेशन कार्डाच्या झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, मोबाइल तपासला जातो.

आणि अशा कपाटासाठी द्यायचं असेल तर आधी संस्थेला विचारा. तांदळाची पोती सगळे देतात. आमच्याकडे कायम कमी पडतं ते तेल, तूरडाळ, चहा पावडर, साबण, पॅड, तेही छोट्या पाकिटांत, कारण ते पिशवीत लपतं. पिशव्या साध्या कापडी द्या, त्यावर मंडळाचं नाव नको. पावती मिळेल. धान्य घेणाऱ्या बाईसोबतचा फोटो मिळणार नाही, तो कृपया मागू नका.