‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे गाणं मुळात कोणाचं? ते गिटारवर कसं वाजवायचं?

लेखक म्हणून एकाचं नाव देता येत नाही. ‘द अ‍ॅनिमल्स’ या ब्रिटिश बँडने ते 1964 मध्ये जगभर पोहोचवलं, पण तोवर ते अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लोकांच्या तोंडी कधीचंच रुळलं होतं. सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण क्लॅरेन्स अ‍ॅशली आणि ग्वेन फॉस्टर यांचं, 1933 चं. त्यात वाट चुकलेला पुरुष गातो.

1937 मध्ये लोकगीत-संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी केंटकीतल्या मिडल्सबरो गावी जॉर्जिया टर्नर या खाणकामगाराच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून ते ध्वनिमुद्रित केलं. इथे गाणारी बाई आहे, तिचा प्रियकर दारुडा आहे आणि धाकट्या बहिणीला ती बजावते की माझ्यासारखं करू नकोस. साथीला एकही वाद्य नाही. हे ध्वनिमुद्रण आधी ऐका. गाण्यातलं न्यू ऑर्लिन्समधलं ते ‘घर’ कुंटणखाना होतं की तुरुंग, याचा निकाल कुठल्याही पुराव्याने लागलेला नाही. पण टर्नरच्या आवाजात तो प्रश्न गौण वाटतो.

आज ओळखीची वाटणारी उदास चाल नंतर घडली. अमेरिकी लोकगायक डेव्ह व्हॅन रॉंक यांनी कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बदलून बेसचे, म्हणजे खर्जातले स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरवले. तीच मांडणी बॉब डिलन यांनी 1961 च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅन रॉंक यांच्या आधी ध्वनिमुद्रित केली. मग लोक व्हॅन रॉंकनाच ‘डिलनचं गाणं गाता’ म्हणू लागले! अ‍ॅनिमल्सनी प्रियकराच्या जागी जुगारी बाप आणला आणि बाईचं गाणं तरुणाचं झालं. त्यांनी ते लंडनमध्ये एकाच टेकमध्ये उरकलं. लेबलवर मांडणीकार म्हणून फक्त ऑर्गनवादक अ‍ॅलन प्राइस यांचं नाव छापलं गेलं, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं, कारण सुरुवातीची ती अजरामर गिटार हिल्टन व्हॅलेंटाइन यांची आहे. अमेरिकेतली सिंगल (एका गाण्याची छोटी तबकडी) तीन मिनिटांच्या आत बसवायला कापली होती. तुम्ही साडेचार मिनिटांची पूर्ण आवृत्ती शोधा. अमेरिकी गायिका नीना सिमोन यांचं 1962 मध्ये प्रसिद्ध झालेलं मैफिलीतलं गायनही चुकवू नका.

आता वादन. ठेका 6/8, मोजायला दादऱ्यासारखा तीन-तीन. प्रत्येक कॉर्डला सहा ठोके:

ए मायनर – सी – डी – एफ
ए मायनर – सी – ई – ई
ए मायनर – सी – डी – एफ
ए मायनर – ई – ए मायनर – ई

सरावासाठी बोटांचा क्रम असा ठेवा: बेस तार, मग 3, 2, 1, 2, 3 (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी). बेसला ए मायनर आणि सी साठी पाचवी तार, डी आणि एफ साठी चौथी, ई साठी सहावी. एफची पूर्ण बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरायची गरज नाही. चार तारांचा छोटा एफ पुरतो.

सर्वाधिक चूक डी पाशी होते. सवयीने डी मायनर धरला की गाणं सपाट होतं. ए ला सा माना: डी मेजरमध्ये शुद्ध धैवत आहे, लगेच पुढच्या एफमध्ये कोमल. गाण्याची सगळी व्याकुळता त्या उतरण्यात आहे. तसंच ई मेजरच धरा, त्यातला शुद्ध निषाद पुन्हा सा कडे ओढून नेतो. आणि कॉर्ड बदलताना सहावा ठोका गिळला जातो, म्हणून आधी एकच कॉर्ड धरून उजवा हात मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) पक्का करा, मगच डावा हलवा.